बल कशाला लागते?
भोर घाटाच्या पायथ्याशी गतीच्या नियमांविषयी

(कर्जत येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत ते सर या गावात आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवत होते. त्यांचे विद्यार्थी समोर इतक्या संख्येने बसले असताना त्यांच्याविषयी मी बोलणे आगाऊपणाचे होईल. त्यांच्या विषयाबद्दल बोलतो. संयोजकांनी मला बजावले होते, ‘काहीतरी सोपे घ्या, कृष्णविवरे वगैरे नकोत.’ म्हणून मी नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिला धडा घेतला : ‘गतीचे नियम’. सोपा म्हणून मात्र नव्हे. माझ्या मते शालेय विज्ञानात याहून अवघड धडा नाही. यात जे सांगितले आहे ते आपल्या रोजच्या अनुभवाच्या सरळसरळ विरुद्ध आहे, आणि तसे ते आहे हे मुलांना कोणी सांगत नाही.

आपल्या प्रत्येकाच्या मनात शाळेत जाण्याआधीच एक पदार्थविज्ञान तयार झालेले असते. भाजीची हातगाडी ढकलली की चालते, ढकलायचे थांबलो की चार पावलांवर थांबते. सायकलला पायडल मारत राहावे लागते. होडी वल्हवत राहावी लागते. यातून कोणताही शहाणा माणूस एकच निष्कर्ष काढील की वस्तू चालती ठेवायची तर बल लावत राहिले पाहिजे. बल संपले की गती संपली. ॲरिस्टॉटलचेही म्हणणे साधारण हेच होते, आणि तो मूर्ख नव्हता. वर्गात त्याला खलनायक करून उभे करायची पद्धत आहे, ती मला पसंत नाही. हातगाडीपुरते तो जे सांगतो ते डोळ्यांना दिसते. त्याची पंचाईत होते ती फेकलेल्या दगडापाशी. हातातून सुटल्यावर दगडाला पुढे कोण ढकलते? हवाच ढकलते, असे उत्तर त्याने दिले आणि ते त्यालाही फारसे पटले असेल असे वाटत नाही.

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने ते उत्तर नाकारले. फेकणारा माणूस दगडालाच काहीतरी देऊन टाकतो, असे तो म्हणाला. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदानने त्या ‘काहीतरी’ची सांगड वस्तूतल्या द्रव्याशी आणि तिच्या वेगाशी घातली. आपल्याकडे वैशेषिकांपैकी प्रशस्तपादाने ‘वेग’ नावाचा संस्कार मानला होता. आघाताने तो वस्तूत उत्पन्न होतो, पुढची हालचाल घडवत राहतो, आणि आडव्या आलेल्या पदार्थाशी गाठ पडली की नाहीसा होतो. ब्युरिदानच्या काही शतके आधीचा हा विचार आहे, आणि उत्तम आहे. पण मोबाइलवर फिरणारे संदेश सांगतात तसे ते न्यूटनचे तीन नियम नव्हेत. त्यात मोजमाप नाही. शिवाय गती टिकायला वस्तूच्या आत काहीतरी कारण असावे लागते ही समजूत त्यातही कायम आहे, फिलोपोनसमध्ये आहे, ब्युरिदानमध्येही आहे. पुढे सतराव्या शतकात मोडीत निघाली ती ही समजूत. गती टिकायला कारण लागतच नाही. ती बदलायला लागते. आजच्या व्याख्यानात मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकीचा सगळा वेळ ते पटवण्यात जाणार आहे, कारण हे वाक्य पाठ होते आणि पटत नाही.

पटत नाही याला पुरावा आहे. १९९२ साली अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही, सूत्रे नाहीत, साध्या प्रसंगांवरचे बहुपर्यायी प्रश्न आहेत. समीकरणे सफाईने सोडवणारे महाविद्यालयीन विद्यार्थी या प्रश्नांत अडखळतात, असे पुन्हा पुन्हा दिसून आले. चेंडू सरळ वर उडवला. हातातून सुटून वर चाललेला असताना त्याच्यावर कोणती बले आहेत? पुष्कळजण सांगतात, ‘वरच्या दिशेने एक बल आहे, म्हणून तर तो वर चालला आहे.’ हाताचा संबंध सुटला. आता वरच्या दिशेने लावणार कोण? खाली ओढणारी पृथ्वी आणि थोडी हवा, एवढेच. आपली मुले याला अपवाद असतील असे समजायचे कारण नाही.

आता आपण स्टेशनावर जाऊ. कर्जतकरांना मी घाट शिकवावा हा विनोदच आहे, पण पदार्थविज्ञानाची अशी प्रयोगशाळा दाराशी असलेले गाव महाराष्ट्रात दुसरे कुठले दाखवाल?

तीन गाड्या घ्या. पहिली मुंबईहून येऊन फलाटावर उभी आहे. दुसरी पळसदरीच्या पुढे घाटात ताशी ४० किलोमीटरच्या एकसारख्या चालीने चढते आहे. तिसरी पुण्याहून येऊन ताशी ३० किलोमीटरच्या एकसारख्या चालीने उतरते आहे. रूळ सरळ आहे असे धरा, वळणांकडे मागाहून येऊ. या तीन गाड्यांपैकी कोणत्या गाडीवरचे एकूण बल सर्वांत जास्त?

चढणारीवर, असे मनात आले ना? सगळी बले हिशेबात घेऊन बेरीज केली तर तिन्ही गाड्यांवर ती शून्य आहे.

हिशेब करून पाहू. भोर घाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ला १ आहे. रुळावरून ३७ मीटर गेले की गाडी १ मीटर उंच जाते. ऐकायला किरकोळ वाटते. रस्त्याने जाणाऱ्या दुचाकीला तो चढ जाणवणारही नाही. पण रेल्वेच्या मोठ्या रुंदीच्या मार्गावर आपल्या देशातला हा अत्यंत कडक चढ आहे. गाडीचे वजन इंजिनासकट १००० टन धरू. प्रत्यक्षात चोवीस डब्यांची गाडी याच्या पुढे जाते, पण आकडे तोंडी करता आले पाहिजेत. या वजनापैकी बहुतेक भार रूळ पेलतात. उताराच्या दिशेने गाडीला खाली ओढणारा जो वाटा उरतो, तो वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे २७ टन. बलाचे अधिकृत एकक न्यूटन आहे हे मला ठाऊक आहे, पण इंजिनाची ओढ रेल्वेतली माणसे टनांतच सांगतात. आजच्यापुरते त्यांचे ऐकू.

याउलट सपाट रुळावर हीच गाडी चालती ठेवायला किती बल लागते? चाकांचे घर्षण, बेअरिंग, हवेचा विरोध मिळून टनामागे दोन-चार किलो. एकूण ३ टनांच्या घरात. पोलादी चाक पोलादी रुळावरून इतके हलके जाते. म्हणजे चढावर इंजिनाला विरोध करणारे ३० टन आहेत. इंजिनाने बरोबर ३० टन लावले की बेरीज शून्य, आणि गाडी आहे त्या चालीने चढत राहते. उतरताना उतार २७ टनांनी खाली ओढतो, घर्षण ३ टनांनी अडवते, उरलेले २४ टन ब्रेकने अडवायचे. पुन्हा बेरीज शून्य. फलाटावरच्या गाडीचे वजन आणि रुळांचा आधार यांची बेरीज तर शून्य आहेच.

मग इंजिनाने ४० टन लावले तर? जास्तीचे १० टन चढण्यात खर्च होत नाहीत, ते चाल वाढवण्यात जातात. हजार टनांच्या गाडीला १० टनांचे जादा बल मिळाले तर तिची चाल दर मिनिटाला ताशी सुमारे २१ किलोमीटरनी वाढत जाईल. बल आणि चाल यांचे नाते नाही. बल आणि चालीतला बदल यांचे आहे. दुसरा नियम एवढेच सांगतो. पुस्तकात त्याचे सूत्र ठळक चौकटीत असते, पण सूत्राच्या एका बाजूला जे बल आहे ते ‘इंजिनाचे’ बल नसून सगळ्यांची बेरीज आहे, ही गोष्ट चौकटीबाहेर राहून जाते.

यावर एखादा हुशार मुलगा विचारील, ‘सर, मग फलाटावरच्या गाडीला आणि घाट चढणाऱ्या गाडीला फरकच नाही?’ बलाच्या बेरजेपुरता नाही. डब्यात खिडक्या बंद करून बसा, गाडी एका चालीने सरळ जात असेल, धक्के आणि खडखडाट नसेल, तर ती चालली आहे की उभी हे सांगणारा कोणताही प्रयोग तुम्हाला आत बसून करता येणार नाही. हे गॅलिलिओने जहाजाच्या खालच्या मजल्यावरच्या बंद खोलीचे उदाहरण घेऊन १६३२ सालच्या पुस्तकात मांडले. पुढे विसाव्या शतकात याच्यातून काय काय निघाले तो विषय आजचा नाही.

आता बँकरांकडे, म्हणजे घाट चढताना गाडीला मागून जोडल्या जाणाऱ्या मदतीच्या इंजिनांकडे येऊ. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला मागून दोन-तीन इंजिने लागतात, लोणावळ्याला सुटतात, हे आपण इतके पाहिले आहे की त्यात विचारण्यासारखे काही वाटत नाही. प्रवाशाच्या मते ती वेळ वडापावची आहे. पण एक इंजिन का पुरत नाही? पुढचे इंजिन दुबळे असते म्हणून? तसे नाही. आजचे डब्ल्यूएपी-७ हे इंजिन ६००० अश्वशक्तीच्या पुढचे आहे. त्याचे वजन १२३ टन आणि सुरुवातीची जास्तीत जास्त ओढ ३३ टनांच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवा. ओढ वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी आहे. हा योगायोग नाही. कोरड्या, स्वच्छ रुळाला पोलादी चाक इतपतच धरून राहते. त्यापेक्षा जास्त जोर लावला तर चाक जागच्या जागी गरगर फिरते. मोटरची अश्वशक्ती दुप्पट केली तरी ते नुसते जोरात फिरेल. आणि आपल्याकडे पावसाळा असतो. ओल्या, पानांचा रस पसरलेल्या रुळावर पकड पार निम्म्यावर येऊ शकते. मग ३३चे सोळा-सतरा टन राहिले, आणि चढाला हवेत ३०. बँकर लावल्याने अश्वशक्ती वाढते हे खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रुळाला धरणारी चाके वाढतात.

२०२३ साली सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत बँकर न घेता घाट चढते, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्या ‘ताकदी’चे कौतुक केले. कौतुक करायचे तर वाटणीचे करायला हवे होते. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटरी आहेत. त्यामुळे गाडीचे निम्मे वजन पकडीच्या कामाला येते. एकट्या इंजिनाच्या गाडीत डब्यांचे सगळे वजन नुसते ओझे असते.

बँकर मागेच का, यालाही बलाचे उत्तर आहे. सगळी इंजिने पुढे लावली तर सबंध गाडीचा भार पहिल्या डब्याच्या जोडणीवर, म्हणजे कपलिंगवर येतो. मागून ढकलले की भार वाटला जातो. आणि चढावर एखादी जोडणी तुटलीच, तर सुटलेले डबे खाली घरंगळायच्या आधी बँकरांवर टेकतात.

यात तिसरा नियम कुठे आला ते लक्षात आले का? ‘प्रत्येक क्रियेला समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते’ हे सगळ्यांना पाठ आहे. परीक्षेत त्याला उदाहरण म्हणून बंदूक आणि रॉकेट लिहितात, जणू हा नियम फक्त स्फोटांना लागू आहे. इंजिनाचे चाक रुळाला मागे ढकलते. रूळ चाकाला तितक्याच बलाने पुढे ढकलतो. इंजिनाला पुढे नेणारे बाहेरचे बल हे रुळाचे आहे. मोटर कितीही फिरो, रुळाने साथ दिली नाही तर इंजिन इंचभरही सरकणार नाही. म्हणून इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. चाक घसरू लागले की चाकापुढे रुळावर वाळू सोडतात. चार-पाच हजार किलोवॅटचे यंत्र अखेर मूठ-मूठ वाळूच्या भरवशावर असते, ही मला या सगळ्या विषयातली फार मजेची गोष्ट वाटते.

क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतील तर त्या एकमेकींना रद्द का करत नाहीत, हा प्रश्न दर वर्षी वर्गात एकतरी मुलगी विचारते. बहुतेक वेळा तिला गप्प बसवले जाते. उत्तर एका ओळीचे आहे. चाकाचे बल रुळावर लागते, रुळाचे चाकावर. दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, तेव्हा बेरजेत एकत्र येतातच कुठे? इंजिनाचा हिशेब मांडताना फक्त इंजिनावर लागणारी बले धरायची.

घर्षणाविषयीही आपण मुलांच्या मनात अढी घालून देतो. ‘घर्षण गतीला विरोध करते’ असे शिकवतो, आणि मग मुलाला वाटते की घर्षण नसते तर बरे झाले असते. घर्षण नसते तर गाडी कर्जतहून निघालीच नसती, आपणही घरून इथवर चालत आलो नसतो. घर्षण दोन पृष्ठभागांचे एकमेकांवरून घसरणे अडवते. त्या अडवण्याने कधी गती कमी होते, कधी मिळते.

वळणांचे थोडक्यात सांगतो. चाल तीच राहिली तरी दिशा बदलली की गती बदललीच, आणि बदलायला बल हवे. घाटातल्या वळणावर ते बल रूळ चाकांना आतल्या बाजूला ढकलून पुरवतात. बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवून ते काम सोपे केलेले असते. डब्यात आपण ‘बाहेर फेकले’ जातो असे म्हणतो. आपल्याला कोणी फेकत नाही. आपण सरळ चाललो होतो, डबा आत वळला.

हा घाट बांधणाऱ्यांचे ऋण मानल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुंबई–ठाणे पहिली गाडी १८५३ साली धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेले भोर घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. मधल्या काळात कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे आले. १८५९ साली ते इथे आले आणि काही आठवड्यांतच वारले. पुढे त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे घेऊन काम तडीस नेले. एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. रोगराईने आणि अपघातांनी त्यांतले किती गेले ते मोजायची तसदी फारशी कोणी घेतली नाही. कंत्राटदाराचे नाव कागदावर राहिले, सुरुंग भरणाऱ्याचे राहिले नाही. खंडाळ्याजवळ वळायला जागा नव्हती म्हणून गाडी एका टोकाला नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचे आणि उलट्या दिशेने पुढे जायचे, अशी सोय केलेली होती. १९२९ साली नवा मार्ग काढून ती बंद केली.

उतार म्हटला की गॅलिलिओकडे गेले पाहिजे. पडणारी वस्तू कोणत्या हिशेबाने वेग घेते हे त्याला शोधायचे होते. पण दोन मीटरवरून सोडलेला दगड पाऊण सेकंदाच्या आत जमिनीवर येतो. त्याच्या काळात सेकंद मोजणारे घड्याळही नव्हते. त्याने पडणेच संथ केले. १६३८ साली लायडनला छापलेल्या पुस्तकात त्याने वर्णन दिले आहे. सुमारे बारा हात लांबीची लाकडी तुळई, तिच्यात कोरलेली सरळ खाच, खाचेत गुळगुळीत चर्मपत्र, आणि वरून सोडलेला कडक कांस्य धातूचा गोळा. वेळ मोजायला पाण्याचे मोठे भांडे. त्याच्या तळाच्या बारीक नळीतून पडलेले पाणी पेल्यात धरायचे आणि वजन करायचे. काळ तागडीने तोलला. वेळ दुप्पट झाला की अंतर चौपट होते, असे त्याला दिसले. दुसऱ्या शब्दांत, समान कालखंडांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांनी वाढतात. एवढ्या साधनांनी हे कसे साधेल, अशी शंका विसाव्या शतकात काही इतिहासकारांनी घेतली. १९६१ साली थॉमस सेटल यांनी त्याच पद्धतीने प्रयोग करून दाखवला, साधते.

त्याच उतारावरून त्याने दुसरी उडी घेतली. एका उतारावरून सुटलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ मूळच्या उंचीपर्यंत जातो. समोरचा चढ कमी केला तर तितकी उंची गाठायला तो लांब जातो. आणखी कमी केला, आणखी लांब. मग समोर चढच नसेल, सपाट असेल तर? थांबायला त्याला कारणच उरत नाही. घर्षण शून्य करणे कोणाच्याच हातात नव्हते, आजही नाही. कमी कमी करत नेले तर काय होते ते पाहायचे आणि शेवटचे पाऊल बुद्धीने टाकायचे, ही त्याची रीत होती. न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात या सगळ्याला तीन नियमांची चौकट दिली आणि तीच चौकट चंद्राला लावून दाखवली. न्यूटनचे मोठेपण सांगायला वेगळे व्याख्यान हवे. पण घाटाचा माणूस गॅलिलिओच.

आता गाडी उतरवू. सर्वसाधारण समज असा की कठीण काम चढण्याचे. उतरणे तर आपोआप होते. रेल्वेतला जुना माणूस याच्या उलट सांगेल. चढताना बल कमी पडले तर गाडी थांबते. उतरताना कमी पडले तर गाडी थांबत नाही.

१००० टनांची गाडी ब्रेकशिवाय ३७ला १ च्या उतारावर सुटली असे धरा. २७ टन खाली, ३ टन विरोध; २४ टन जादा. एका मिनिटात ती ताशी पन्नास किलोमीटरवर जाईल आणि सव्वाचारशे मीटर खाली आलेली असेल. दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी ताशी शंभर, आणि त्या एका मिनिटात तिने तिप्पट अंतर कापलेले असेल. तुळईवरच्या गोळ्याचे १ आणि ३ तेच हे १ आणि ३. आणि एक रिकामा, एक भरलेला असे दोन डबे सुटले तर दोघेही साधारण सारख्याच वेगाने येतील. वजन तिप्पट तर ओढही तिप्पट आणि हलवायचे द्रव्यही तिप्पट. पण अडवायला भरलेल्याला तिप्पट बल लागेल. ‘उतारावर जड गाडी जास्त पळते’ असे म्हणतात त्यात खरे एवढेच आहे की ती आवरत नाही.

म्हणून घाटातली व्यवस्था अविश्वासावर उभी आहे. गाडीच्या ब्रेकची रचना अशी की नळीतल्या हवेचा दाब ब्रेक सुटे ठेवतो. नळी फुटली, डबा तुटला, की दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. १८७२च्या सुमारास जॉर्ज वेस्टिंगहाउसने शोधलेली ही युक्ती आहे. शिवाय ठरावीक जागी कॅच साइडिंग असते, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून चढावर गेलेला रूळ. तिथले सांधे एरवी त्या चढाच्याच बाजूला लावलेले असतात. उतरणारी गाडी थांबते, आपण ताब्यात आहोत हे दाखवते, मग तिला सरळ मार्ग मिळतो. नाही थांबली तर ती चढावर जाते आणि उतारानेच तिला दिलेला वेग चढ परत घेतो. गॅलिलिओचा समोरचा चढ रेल्वेने घाटात बांधून ठेवला आहे.

उतरताना आणखी एक गोष्ट परत घ्यायची असते, ती म्हणजे चढताना खर्ची घातलेली ऊर्जा. १००० टन साडेपाचशे मीटर वर नेले की १५०० युनिटांहून जास्त वीज कामी येते; मध्यमवर्गीय घराला वर्षभर पुरावी इतकी. उतरताना ती सगळी ब्रेकच्या ठोकळ्यांत उष्णता होऊन जाऊ शकते, किंवा मोटरी उलट्या वापरून पुन्हा तारेत सोडता येते. घाटाचे विद्युतीकरण झाले तेव्हाच्या, म्हणजे जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या मालगाडीच्या इंजिनांतही ही सोय होती. उतरणाऱ्या गाडीची वीज चढणाऱ्या गाडीला मिळते.

रस्त्यावरच्या ट्रकला हे भाग्य नाही. द्रुतगती मार्गावर ४० टनांचा ट्रक अर्धा किलोमीटर उंची उतरतो तेव्हा ५० युनिटांहून अधिक ऊर्जा कुठेतरी जायला हवी. खालच्या गिअरमध्ये उतरले तर त्यातली बरीच इंजिन खाते. ‘ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा’ हा जुन्या चालकांचा नियम पदार्थविज्ञानाचाच आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रल केले की सगळी ऊर्जा ब्रेकच्या ड्रमवर येते, ड्रम तापतात, अस्तरांची पकड जाते. चालकाचा पाय पायडलवर पूर्ण दाबलेला असतो आणि बल मात्र मिळत नाही. दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘ब्रेक फेल झाल्याने’. ब्रेक पुष्कळदा धडधाकट असतात. त्यांच्याकडून पेलवणार नाही एवढे काम मागितलेले असते. वाहन परवान्याच्या परीक्षेत खुणांच्या पाट्यांबरोबर हा एक हिशेब विचारायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी इथल्या शिक्षकांना एक विनंती. गतीची समीकरणे फळ्यावर लिहायच्या आधी एक तास मोकळा काढा. हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमची दोन मीटर लांबीची खाचेची पट्टी आणा, आणि सायकलवाल्याकडून बेअरिंगचा मोठासा छर्रा. वरच्या टोकापासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटीमीटरवर पट्टीला आडवा बारीक दोरा बांधा, छर्रा त्यावरून जाताना जेमतेम टक् वाजेल इतका बारीक. गॅलिलिओनेही तुळईवर असेच काहीतरी बांधले असावे आणि कानाने काळ मोजला असावा, असा स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाचा तर्क आहे. गॅलिलिओचे वडील ल्यूट वाजवणारे संगीतज्ञ होते, तेव्हा तो पटण्याजोगा आहे. छर्रा सोडा. अंतरे वाढत चाललेली असतात आणि टोले मात्र एका लयीत पडतात. वर्गात तबला शिकणारे मूल असेल तर त्यालाच परीक्षक करा. मग दोरे सारख्या अंतरांवर बांधून पुन्हा सोडा, लय कशी धावते ते मुलांनाच सांगू द्या. पट्टीचे एक टोक दहा-बारा सेंटीमीटरच उचला. जास्त उचललेत तर टोले इतके जवळ येतील की कानाला लय पारखणे अवघड जाईल.